योर्दान : भिंती त्याच, बिऱ्हाडे निराळी

ॲमस्टरडॅम शहराच्या पश्चिम अंगाला, प्रिन्सेनग्राख्त आणि लाइनबानस्ग्राख्त या दोन कालव्यांच्या मध्ये वसलेली योर्दान ही वस्ती १६१२ च्या सुमारास हाती घेतलेल्या शहरविस्तारातून उभी राहिली. ‘ग्राख्त’ म्हणजे शहरातून वाहणारा, दोन्ही काठांना घरे असलेला कालवा. याच विस्तारात श्रीमंत व्यापाऱ्यांसाठी जे कालवे खणले गेले, त्यांच्या काठची जमीन भराव घालून उंच करण्यात आली आणि भूखंडही रेखीव पाडण्यात आले. योर्दानच्या बाबतीत मात्र शहराने हा खर्च टाळला, आणि शेतजमिनीतील पाणी काढून देणारे जुने चर रुंद करून त्यांचेच कालवे केले व चरांलगतच्या पायवाटांच्या गल्ल्या झाल्या. त्यामुळे आजच्या नकाशातही योर्दानच्या गल्ल्या शेजारच्या मोठ्या कालव्यांना तिरक्या येऊन भिडतात. या वस्तीची आखणी कोणी केली असे विचारल्यास, मध्ययुगात दलदल उपसणाऱ्या शेतकऱ्याने, असेच उत्तर द्यावे लागेल.

वस्तीच्या नावाविषयी एकमत नाही. बागेला फ्रेंच भाषेत ‘जार्दँ’ म्हणतात त्यावरून ते आले, असे एक मत आहे आणि रोझनग्राख्त (गुलाबांचा कालवा), लिंडेनग्राख्त (लिंडेन वृक्षांचा कालवा) ही नावे त्याला पोषक ठरतात. परंतु जॉर्डन नदीकडे बोट दाखवणारेही आहेत. लोइअर्सग्राख्त, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांचा कालवा, हे नाव अधिक प्रामाणिक म्हटले पाहिजे. दुर्गंधी किंवा धूर सोडणारे धंदे, म्हणजे चर्मोद्योग, रंगाऱ्यांचे कारखाने, साखर शुद्ध करण्याच्या भट्ट्या, यांना येथे जागा मिळाली आणि त्या धंद्यांचे पाणी ज्या कालव्यांत जाई त्यांच्याच काठी कारागीर, मजूर, जर्मन प्रदेशांतून आलेले स्थलांतरित आणि १६८५ नंतर फ्रान्समधून परागंदा झालेले प्रॉटेस्टंट राहू लागले. दिवाळखोरीनंतर रेम्ब्रांट या चित्रकारानेही आयुष्याची शेवटची वर्षे रोझनग्राख्तवरील भाड्याच्या घरात काढली.

घरांची दुरवस्था झाली ती मुख्यतः दाटीमुळे. भूखंड अरुंद आणि लांब असल्याने रस्त्यावरच्या घरामागच्या परसात दुसरे घर उठे, त्यामागे तिसरे, आणि तेथे पोहोचण्यासाठी दोन घरांमधून जेमतेम एक माणूस जाईल असा बोळ ठेवला जाई. या बोळाला ‘गांग’ म्हणत. मागच्या घरांना ऊन मिळत नसे आणि वाराही नसे. एका घरात मजल्यामजल्यावर वेगवेगळी बिऱ्हाडे असत, तळघरेही भाड्याने दिली जात, आणि जमीन सखल असल्याने कालव्याचे पाणी या तळघरांत पाझरे. एकाच खोलीत चूल, धुणे, आजारपण आणि बाळंतपण होई. रात्री घरातली माणसे ‘बेडस्टे’मध्ये, म्हणजे भिंतीत बसवलेल्या, दारे लावून घेता येणाऱ्या कपाटवजा बिछान्यात झोपत. वृद्ध विधवांची सोय मात्र तुलनेने बरी होती, कारण दानशूरांनी अंगणाभोवती बांधलेल्या ‘होफ्ये’ नावाच्या धर्मादाय चौकांत त्यांना विनामूल्य किंवा नाममात्र भाड्यात खोली मिळे. १६५० मधील कार्थौझरहोफ हा त्यांपैकी एक मोठा चौक.

पाण्याची कथा घरांहून वाईट आहे. कालव्यांचे पाणी जवळजवळ साचलेले, त्यात मैला आणि कारखान्यांचा निचरा. १८३२, १८४९ आणि १८६६ या वर्षांच्या पटकीच्या साथी अशा शहरात आल्या. १८५३ मध्ये हार्लेमजवळच्या वाळूच्या टेकड्यांतले पाणी नळाने ॲमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत आले आणि ते एक सेंटला एक बादली या दराने विकले जाऊ लागले. मैला वाहून नेणाऱ्या गाडीला लोकांनी ‘बोल्डोट गाडी’ असे नाव दिले होते. बोल्डोट हे सुवासिक पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अत्तराच्या कारखान्याचे नाव. पुढे कालवेच बुजवावेत असा मार्ग निघाला. खाउड्सब्लूमग्राख्त १८५७ मध्ये, रोझनग्राख्त १८८९ मध्ये, एलांड्सग्राख्त १८९१ मध्ये आणि लिंडेनग्राख्त १८९५ मध्ये बुजवला गेला. घाण झाकली गेली, रहदारीला रुंद रस्ते मिळाले, पण माणशी जागा वाढली नाही.

या दाटीत सरकारी कारवाईवरून भडका किती सहज उडे, याचे उदाहरण म्हणजे जुलै १८८६ मधील वाम मासा ओढण्याच्या खेळावरून झालेला दंगा. कालव्यावर आडव्या बांधलेल्या दोरीला जिवंत वाम टांगायची आणि होडीतून जाताना ती ओढून काढायची, असा हा क्रूर आणि बंदी घातलेला खेळ. पोलिसांनी लिंडेनग्राख्तवरील दोरी कापली. दुसऱ्या दिवशी सैन्याने गोळीबार केला आणि २६ माणसे मेली. १९३४ मध्ये बेकारभत्ता कमी झाल्यावर येथे पुन्हा दंगल झाली.

१९०० च्या आसपास योर्दानमध्ये सुमारे ८०,००० माणसे राहत होती. १९०१ च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकेला राहण्यास अयोग्य घरे बंद करण्याचा अधिकार दिला, आणि नफा न घेणाऱ्या गृहनिर्माण संस्थांना सरकारी कर्ज मिळू लागले. योर्दानची गर्दी विरळ झाली, ती बहुतांशी शहराबाहेर नवी घरे उभी राहिल्यामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिमेकडच्या उद्यानवस्त्यांत स्नानगृह असलेली, उजेडाची घरे मिळू लागताच तरुण कुटुंबे निघून गेली. जुनी घरे सरसकट पाडण्याचा विचार रहिवाशांच्या विरोधामुळे बारगळला, आणि रस्त्यांची जुनी रेषा राखून दुरुस्ती झाली. आज तेथे २०,००० च्या आसपास लोक राहतात, आणि एके काळी जिथे तीन-चार बिऱ्हाडे नांदत ते घर एकाच कुटुंबाला महाग पडते. पर्यटकाला भावणारा योर्दानचा निवांतपणा या रिकामेपणातून आला आहे. जुन्या योर्दानला तो कधीच ठाऊक नव्हता.

योर्दानच्या जिव्हाळ्याची गाणी गाणारा जॉनी योर्दान १९५५ मध्ये देशभर गाजला, तेव्हा त्या गाण्यांतले शेजारी सामान बांधू लागले होते. १८९१ मध्ये बुजवलेल्या एलांड्सग्राख्तच्या तोंडाशी त्याचा पुतळा उभा आहे.