सांडस : धरणाऱ्या हाताची गोष्ट



महत्त्वाचा प्रश्न आपण 'ऐरणीवर' आणतो. पुढाऱ्यांची भाषणं 'घणाघाती' होतात. १९६५ च्या 'साधी माणसं' चित्रपटातल्या गाण्याने तर ऐरणीला देवपण दिलं. पण घण आणि ऐरण यांच्या मधे तापलेलं लोखंड धरून ठेवणारा सांडस? तो बिचारा कोपऱ्यातच राहिला! आज त्याच्याविषयी चार शब्द.

सांडस म्हणजे लोहाराची लांब दांड्यांची पकड. शब्द आला संस्कृत 'संदंश' वरून. दंश म्हणजे चावा. दोन्ही बाजूंनी चावा घेऊन धरतो तो संदंश. स्वयंपाकघरातली सांडशी ही त्याचीच धाकटी बहीण. गंमत म्हणजे सुश्रुतसंहितेत वैद्याची जी १०१ यंत्रं सांगितली आहेत, त्यांतही सोळा अंगुळं लांबीचा संदंश आहे. लोहार आणि शस्त्रवैद्य, दोघांचीही अडचण एकच : जिथे नुसती बोटं चालत नाहीत तिथे धरायचं कसं?

आता एक कोडं. सांडस घडवायचा तर तापलेलं लोखंड धरायला सांडस हवा. मग पहिला सांडस कसा घडला? हा प्रश्न फार जुना आहे. ज्यू लोकांच्या 'मिश्ना' या सुमारे इ. स. २०० मधल्या ग्रंथात एक मत नोंदलेलं आहे, की पहिला सांडस देवानेच सृष्टी निर्माण करताना, पहिल्या शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी घडवला!

लोहाराचं उत्तर मात्र साधं आहे. लांब कांबीचं एक टोक भट्टीत घातलं, तर दुसरं गार टोक हातात धरता येतं. तापलेल्या टोकाचा जबडा घडवायचा आणि उरलेली कांब हाच दांडा. अशा दोन कांबी खिळीने जोडल्या की झाला सांडस. त्याच्याही आधीची युक्ती इजिप्तमध्ये दिसते. थीब्जच्या रेखमिरे या वजिराच्या थडग्यात, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रात, कारागीर धातूची तापलेली मूस दोन लवचीक काठ्यांच्या बेचक्यात उचलताना दिसतात.

एकाच सांडसावर मात्र भागत नाही. पट्टीसाठी सपाट तोंडाचा, सळईसाठी गोल खाचेचा, चौकोनी गजासाठी काटकोनी खाचेचा, वाकडी वस्तू धरायला वाकड्या तोंडाचा. तोंड मापाचं नसेल तर घणाखाली लाल लोखंड निसटून अंगावर उडतं. म्हणून काही लोहार दांड्यांवर कडी सरकवून पकड घट्ट करतात.

आणि हा सांडस कडक पोलादाचा नसतो, साध्या मऊ लोखंडाचा असतो! कारण उघड आहे. त्याचा जबडा सारखा तापतो आणि सारखा पाण्यात बुडतो. जास्त कार्बनचं पोलाद असं लाल होऊन पाण्यात गेलं की काचेसारखं ठिसूळ होतं. मऊ लोखंड फार तर वाकतं, ते पुन्हा ठोकून सरळ करता येतं.

स्वीडनच्या गोटलंड बेटावर १९३६ साली शेत नांगरताना सुमारे हजार वर्षांपूर्वीची ओकच्या लाकडाची पेटी सापडली. आत दोनशेहून अधिक वस्तू, त्यांत सांडसही होते. आपल्याकडच्या कुठल्याही लोहाराने ते पाहताक्षणी ओळखले असते.

रस्त्याकडेला पाल ठोकून काम करणारं घिसाडी कुटुंब तुम्ही पाहिलं असेल. बाई उभी राहून घण घालते, घरधनी बसून सांडसाने लोखंड धरतो, फिरवतो, हातोडीने घाव कुठे हवा ते दाखवतो. बघणाऱ्यांचं सगळं लक्ष घणाकडे, आणि खरंच, ते काम सोपं नाही. पण विळ्याची धार कुठे येणार, हे सांडस धरणारा हात ठरवतो. त्याचा आवाज होत नाही, एवढंच.

असो. तुमच्या गावाकडे सांडसाला दुसरं काही नाव आहे का? असल्यास जरूर कळवा.