दिनविशेष : २६ जून १९४१
फलाटावरचे युद्धगीत

मॉस्कोच्या बेलोरुस्की स्थानकात जर्मन आक्रमणाविरुद्ध आघाडीवर निघालेल्या सैनिकांसमोर संगीतकार अलेक्सांद्रोव्ह यांच्या गायन-वादन पथकाने ‘पवित्र युद्ध’ हे गीत प्रथमच गायले. कवी लेबेदेव-कुमाच यांचे शब्द दोनच दिवसांपूर्वी वृत्तपत्रांत आले होते. स्वरलेखन छापायला सवड नव्हती. ते फळ्यावर लिहिले आणि गायक-वादकांनी उतरवून घेतले. सैनिकांनी गाणे पुन्हा पुन्हा म्हणायला लावले.

गंमत म्हणजे हे संचलनगीत पावलांना सोयीच्या दोनाच्या नव्हे, तीनाच्या ठेक्यात आहे. सूरही विजयाचा नाही, संतापाचा आहे. म्हणूनच ते टिकले असावे. ९ मे रोजी लाल चौकात विजयध्वज आजही याच सुरांवर आणला जातो. पण गाणे आहे आक्रमण झालेल्या देशाचे. युक्रेनवर चालून गेलेल्या रशियाच्या तोंडी ते आता खटकते.