फाओ ते कुत : पुणे डिव्हिजनची मोहीम

१९१४ साली पेटलेल्या महायुद्धाच्या आरंभीच्या मोहिमा म्हटल्या, की लीएजचे किल्ले, टॅननबर्गचा संग्राम आणि मार्न नदीकाठची झुंज एवढ्याच आपल्याला आठवतात. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस इराणच्या आखाताच्या टोकाशी जी मोहीम सुरू झाली, तिचा महाराष्ट्राशी संबंध अधिक निकटचा आहे. ती पार पाडणाऱ्या सहाव्या डिव्हिजनचे नावच मुळी ‘पुणे डिव्हिजन’ होते. तिच्यात ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या; कोकणातील व साताऱ्याकडील शेतकऱ्यांची मुले त्यांत होती.

मोहिमेचे एक मोठे कारण तेल हे होते. ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलाकडे वळत होते, आणि १९१४ मध्येच ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग घेतले होते. तिचा अबादानचा कारखाना शत्त-अल-अरब नदीच्या एका तीरावर, तर तुर्की मुलूख दुसऱ्या तीरावर! कच्चा माल अडला की कारखान्याचे काय होते, हे भिलाईत झोतभट्टीच्या शेजारी राहणाऱ्या आम्हां लोकांना निराळे सांगावयास नको.

६ नोव्हेंबर १९१४ रोजी जनरल डेलामेन यांची ब्रिगेड फाओ येथे उतरली. १७ नोव्हेंबरला साहिल येथे पावसाने चिखल झालेल्या उघड्या मैदानातून चाल करून तिने तुर्कांना मागे रेटले. २२ तारखेस बसरा पडले आणि ९ डिसेंबरला कुर्ना शरण आले. अवघ्या पाच आठवड्यांत तेल आणि बंदर दोन्ही सुरक्षित झाले. हेतू मर्यादित होता, साधने त्याला पुरेशी होती. म्हणून यश आले.

दुर्दैवाने या सुलभ यशानेच वरिष्ठांची दृष्टी बगदादकडे वळली. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपल्याकडची साधी शिकवण येथे विसरली गेली. बसऱ्यापासून बगदाद नदीमार्गे सुमारे ८०० किलोमीटर. मध्ये रेल्वे नाही, होड्या अपुऱ्या, जखमींसाठी इस्पितळी जहाजांची वाण. तरीही जनरल टाउनशेंड यांना पुढे धाडण्यात आले. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे ही आगेकूच थांबली आणि सैन्य कुत येथे परतले. तेथे वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. त्यांत ११० वी व ११७ वी या दोन्ही पलटणी होत्या. वर्षाअखेरीपूर्वी बसरा घेणारे कित्येक शिपाई पुढे कैदेतील पायपिटीत आणि उपासमारीत मेले.

१९१७ च्या चौकशी आयोगाने रसद आणि वैद्यकीय व्यवस्थेच्या हेळसांडीबद्दल सरकारी यंत्रणेवर कठोर ठपका ठेवला; भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. शासकीय सेवेत आयुष्य घालविणाऱ्याने हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. शिपायांनी आपले काम चोख केले होते. उणे पडले ते कचेरीतील हिशेबात.

आपल्या अनेक खेड्यांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. गावातून किती गेले आणि किती कामास आले, एवढेच त्यांवर असते. त्या दोन आकड्यांमधील अंतर ठरविण्यात शत्रूच्या गोळीइतकाच एखाद्या न पाठविलेल्या जहाजाचाही वाटा होता, हे फाओ ते कुतच्या या वाटेवरून ध्यानी येते.