शेवटच्या क्रमांकाचे गाणे आणि लिस्बनची ती रात्र

२४ एप्रिल १९७४. रात्रीचे १० वाजून ५५ मिनिटे. लिस्बनमधील एका रेडिओ केंद्रावरून एक प्रेमगीत वाजू लागले. बहुतेक श्रोत्यांच्या ते ओळखीचे होते. शहरातील छावण्यांत मात्र काही लष्करी अधिकारी नेमकी त्याचीच वाट पाहत होते. हुकूमशाही उलथून टाकण्याच्या मोहिमेचा तो पहिला संकेत होता.

गाण्याचे नाव ‘ई देपोइश दु आदेउश’, म्हणजे ‘आणि निरोपानंतर’. गायक पाउलो द कार्वाल्यो. अवघ्या अठरा दिवसांपूर्वी, ६ एप्रिलला, इंग्लंडमधील ब्रायटन येथे भरलेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत त्याने पोर्तुगालचे प्रतिनिधित्व केले होते. स्वीडनच्या ‘आबा’ या चमूने ती स्पर्धा जिंकली आणि जगभर नाव कमावले. पोर्तुगालच्या वाट्याला आले ३ गुण आणि आणखी तीन देशांसह शेवटचे स्थान. यात नवल नव्हते. १९६४ च्या पदार्पणात तर पोर्तुगालला शून्य गुण मिळाले होते.

मग कटवाल्यांनी हेच गाणे का निवडले? तर ते निरुपद्रवी होते म्हणून. देशात सेन्सॉरचा अंमल होता आणि गुप्त पोलिसांचे कान सर्वत्र होते. जोझे आफोन्सू या बंडखोर गायकाच्या अनेक गीतांवर बंदी होती. त्याचे एखादे गाणे भलत्या वेळी वाजले असते तर संशयाची पाल चुकचुकली असती. युरोव्हिजनचे गाणे मात्र सरकारी दूरचित्रवाणीनेच स्पर्धेला पाठवलेले. विरहाच्या त्या शब्दांत कोणाला राजद्रोह दिसणार? शिवाय १६ मार्चला काल्दास द राइन्या येथील एका पलटणीचा उठाव फसला होता, त्यामुळे दुसरी चूक परवडणारी नव्हती.

त्या केंद्राचे प्रक्षेपण लिस्बन परिसरापुरतेच पोहोचत असे. म्हणून देशभरच्या तुकड्यांसाठी दुसरा संकेत ठरला. मध्यरात्रीनंतर २० मिनिटांनी ‘रादिओ रेनासेन्सा’वरून आफोन्सूचेच ‘ग्रांदोला, विला मोरेना’ ऐकू आले. हे केंद्र कॅथलिक चर्चचे, हाही एक विलक्षण योग! आता लपवाछपवीची गरज उरली नव्हती. फौजा निघाल्या होत्या.

पहाटे सांतारेंहून आलेले रणगाडे राजधानीत उभे राहिले. लोकांनी घरात थांबावे, असे बंडखोर रेडिओवरून सांगत होते. लोक मात्र रस्त्यावर उतरले आणि सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली गेली. संध्याकाळी पंतप्रधान मार्सेलु कायतानू शरण आला. ही क्रांती रक्तहीन म्हटली जाते, ते पुरते खरे नाही. गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून जमावावर गोळ्या झाडल्या, त्यात चौघे मारले गेले. तरीही ४८ वर्षांची हुकूमशाही एका दिवसात कोसळली, आणि आफ्रिकेतील वसाहतींत १३ वर्षे चाललेल्या युद्धांच्या अखेरीची वाट मोकळी झाली.

गोव्याच्या इतिहासातही या रात्रीचा धागा आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी लिस्बनने ते कधी मान्य केले नव्हते. क्रांतीनंतरच्या सरकारने भूमिका बदलली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार होऊन गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरील भारताच्या सार्वभौमत्वाला पोर्तुगालने मान्यता दिली. भारताच्या वतीने स्वाक्षरी करणारे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण, तर समोर होते मारिओ सोआरिश, जे हुकूमशाहीच्या काळात परागंदा होते.

पुढच्या वर्षी स्टॉकहोमच्या युरोव्हिजनला पोर्तुगालने गायक म्हणून क्रांतीत सहभागी झालेला लष्करी अधिकारी दुआर्ते मेंदिश यालाच पाठवले. गाण्याचे नाव ‘पहाट’, विषय उघड उघड २५ एप्रिलचा. १९ देशांत त्याचा क्रमांक सोळावा लागला.