कल्याणची पहाट : शके १०५१

‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११२९चा, असं आपण सगळेच लिहितो. पण हे साल आलं कुठून? ग्रंथातूनच. आणि ते ताडून पाहायला आता घरचा संगणक पुरतो.

ग्रंथकर्ता कल्याणचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याची राजधानी म्हणजे आपल्या बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. हत्ती, स्वयंपाक, संगीत असे नाना विषय या ग्रंथाच्या शंभर अध्यायांत आहेत. त्यातच ग्रहगणिताचे ध्रुवक दिले आहेत. ध्रुवक म्हणजे ठरावीक दिवशीचं ग्रहाचं स्थान. ते एकदा हाती आलं की पुढे किती दिवस गेले ते मोजायचं, रोजच्या गतीने गुणायचं, मग संस्कार करायचे. ध्रुवकांचा दिवस राजाने नोंदवला आहे : शके १०५१, सौम्य संवत्सर, चैत्राचा आरंभ, शुक्रवार.

आकाश दाखवणारी आजची सॉफ्टवेअरंही मुळात अशीच चालतात. फरक नियमाचा. सोमेश्वराच्या काळी मध्यम गती आणि मंद-शीघ्र संस्कार होते, आज गुरुत्वाकर्षण आहे. ‘स्टेलॅरियम’ फुकट मिळतं. त्यात हवी तर जेपीएलची डीई४३१ ही ग्रहसारणी घालता येते. सूर्य, चंद्र, ग्रह एकमेकांना कसे ओढतात ते पावलापावलाने गणित करून ती बनवली आहे.

तर स्थळ बसवकल्याण आणि तारीख २२ मार्च ११२९ घाला. १५८२च्या आधीच्या तारखा हे सॉफ्टवेअर जुन्या ज्युलियन पद्धतीनेच घेतं, तेव्हा वेगळी बेरीज-वजाबाकी नको. वार येतो शुक्रवार. अमावास्या संपते सूर्योदयाच्या दोन-अडीच तास आधी. म्हणजे सूर्य उगवताना प्रतिपदा लागलेली आहे. वातावरण बंद केलं की चंद्रही सूर्याशेजारीच सापडतो. हीच अमावास्या तीन तास उशिरा संपली असती, तर शुक्रवारच्या सूर्योदयाला प्रतिपदा नसती आणि राजाचा वार चुकला असता!

इथे एक शंका रास्त आहे. पृथ्वीची फिरकी हळूहळू मंदावते आहे, त्यामुळे इतकं मागे जाताना घड्याळात दुरुस्ती करावी लागते. बाराव्या शतकासाठी ती साधारण पाव तासाची आहे. आपल्याजवळ दोन तासांहून जास्त वाव आहे, त्यामुळे निकाल बदलत नाही. ग्रहणाचे शिलालेख तपासताना मात्र हाच पाव तास महाग पडतो, कारण तेवढ्यात पृथ्वी जवळपास चार अंश फिरते. आणखी एक : पडद्यावरचे भोग सायन असतात, ग्रंथातले निरयण. तसेच शेजारी मांडले तर ग्रह चुकल्यासारखे दिसतील.

ही तपासणी पूर्वी होत नव्हती असं नाही. रॉबर्ट सेवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली इंग्रजीत भारतीय पंचांगाचा कोष्टकग्रंथ छापला, त्यावर कित्येक ताम्रपटांच्या तिथी पारखल्या गेल्या. कोष्टकातून वार मिळतो, पहाट दिसत नाही, एवढंच.

आता सिद्ध झालं ते किती? नोंद आतून जुळते. केवळ वार योगायोगाने जुळायची शक्यता सातात एक, तेव्हा त्याचा फार डंका नको. आणि ध्रुवकांचा दिवस म्हणजे ग्रंथ पुरा झाल्याचा दिवस नव्हे. पण गणिती सहसा आपल्या काळाजवळचाच आरंभ घेतो, लांबचा घेतला तर आकडेमोड उगाच वाढते. म्हणून ११२९च्या आसपास हे मला पटतं. आपल्या दृष्टीने त्याचं मोल असं, की याच ग्रंथात संगीताच्या ओघात मराठी ओळी आल्या आहेत. जुन्या मराठीच्या त्या नमुन्याला काळ मिळतो तो या शुक्रवारामुळे.