आपल्या घरातील पाहुणे शब्द

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी लेख लिहावा असा आग्रह झाला तेव्हा प्रथम हसूच आले. माझे शिक्षण सातवी. पण दुपारची कामे आटोपली की वाचनालयातील पुस्तक घेऊन बसण्याची मला सवय आहे, आणि शब्द कोठून आला हे शोधण्याचा नादही आहे. गेल्या पाककृती-स्पर्धेच्या वेळी परीक्षक बाईंनी सूचना केली होती की, पदार्थांची नावे व साहित्य शुद्ध मराठीत लिहावे, परकी शब्द घालू नयेत. सूचना चांगल्या हेतूची होती. मी घरी येऊन साबुदाण्याच्या खिचडीचे साहित्य लिहावयास घेतले आणि पहिल्याच जिन्नसाला अडले. साबुदाण्यातला 'साबु' मलायातील 'सागू' या शब्दापासून आलेला. तेथे सागू नावाच्या झाडाच्या खोडातील पिठाचा तो करीत. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद तर त्याहून दूरचा, ब्राझील देशाचा. पुढे बटाटा. हा शब्द अमेरिकेजवळच्या बेटांवरील लोकांचा. तो स्पॅनिश व पोर्तुगीज दर्यावर्दी लोकांनी उचलला आणि पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणून सोडला. म्हणूनच उत्तरेकडे 'आलू' म्हणतात, आणि आपण, गुजराती व गोव्याचे लोक मात्र बटाटा म्हणतो.

मिरची आणि शेंगदाणा यांची नावे आपली, पण झाडे अमेरिकेची. मिरी आपल्याकडे पूर्वीपासून होती, तिच्यासारखी तिखट म्हणून नवीन फळाला मिरची म्हटले. रताळ्याचीही तीच गत. म्हणजे एकादशीला आपण ज्या ताटाला सर्वांत सोवळे समजतो, त्यातील बहुतेक वस्तू सातासमुद्रापलीकडच्या! ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० सालची. माउलींच्या वेळी एकादशी होती, पण बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि रताळे यांतले काहीच नव्हते. तेव्हाच्या बायका उपासाला काय करीत असतील, याचा विचार करून पाहावा. वरी होती, फळे होती, दूध होते. त्यांचे उपास खरेच उपास असले पाहिजेत.

हे पोर्तुगीज आपल्यापासून काही फार दूर नव्हते. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, गोवा त्यांनी १५१० साली घेतला आणि वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळविली. ठाणे, साष्टी, वसई हा सर्व मुलूख पुढे दोनशे वर्षे त्यांच्याकडे होता. मराठ्यांनी १७३७ साली ठाणे व साष्टी घेतली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला सर केला. राज्य गेले. शब्दांना मात्र कोणी वेढा घातला नाही, ते येथेच राहिले.

आणि राहिले कोठे, तर स्वयंपाकघरात, शिवणात आणि सुताराच्या पेटीत. पाव, कोबी, काजू, अननस, पपई ही तर खाण्याची नावे. कणीक मळतो ती परात 'प्रातु' शब्दावरून आली. घमेले, पाण्याचे पिंप, अंघोळीचा बंब, दाराची चावी आणि घर बांधणारा मेस्त्री हे सगळे त्याच घरचे. मुलीच्या वेणीला बांधतो ती फीत पोर्तुगीज 'फिता'. हापूस हे नाव 'आफोंसु' या माणसाच्या नावावरून. कलम बांधण्याची कला त्यांच्या पाद्र्यांनी गोव्यात वाढविली, त्या आंब्याचे ते नाव कोकणात येता येता इतके घासले की आता हापूस म्हणताना कोणालाही परदेशी साहेब आठवत नाही.

यात माझ्या सर्वांत आवडीचा शब्द 'काज' हा आहे. आपल्या शिवणवर्गात नवीन मुलींना पहिल्यांदा कंटाळा येतो तो काजे करण्याचा. पोर्तुगीज भाषेत 'काझा' म्हणजे घर, आणि बटण जेथे राहावयाचे त्या भोकालाही ते घरच म्हणतात. हे कळल्यापासून मी मुलींना सांगते, बटणाचे घर नीट बांधा, नाहीतर ते बाहेर भटकेल. मुली हसतात, पण टाके जरा जवळ घालतात.

'पगार' हा शब्दही त्यांचाच. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. आपल्या घरोघरी महिन्याचे गणित ज्या शब्दावर उभे आहे तो लिस्बनहून आला, ही मौजच. त्याच वाटेने आलेले दोन शब्द मात्र अंगावर काटा आणणारे आहेत. एक 'तुरुंग', जो 'ट्रोंकु' म्हणजे कैद्याचे पाय अडकविण्याच्या ओंडक्यावरून आला असे सांगतात. दुसरा 'लिलाव'. हा मूळचा अरबी, तेथून पोर्तुगालला गेला आणि तेथून फिरून आपल्याकडे आला.

या शब्दांचा मोठा धांडोळा एका गोव्याच्याच माणसाने घेतला आहे. सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद हे त्यांचे नाव, बारदेशातील आसगावचे, धर्माने पाद्री. आशियाच्या भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरचा त्यांचा ग्रंथ १९१३ साली निघाला आणि १९३६ साली बडोद्याहून त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. माणसे राज्यांच्या लढाया मोजतात. या माणसाने परात, चावी आणि घमेले मोजले, म्हणून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

आता फारशी-अरबीची गोष्ट निराळी. ते शब्द स्वयंपाकघराच्या दाराने आले नाहीत, कचेरीच्या दाराने आले. दरबारची भाषा फारशी, त्यामुळे हुकूम, अर्ज, जमीन, वसूल, तारीख हे सारे तिकडचे. शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेक करविला आणि त्याच सुमारास राज्यव्यवहारकोश तयार करविला. हे काम रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे होते. सुमारे चौदाशे शब्द, त्यांचे दहा वर्ग, आणि प्रत्येक फारशी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. ज्या भाषेत दुसऱ्याने तीनशे वर्षे हुकूम सोडले त्या भाषेत आपण आपले राज्य चालवावयाचे नाही, हा त्यातील बाणा होता, आणि तो मला योग्य वाटतो.

तरी मौज पाहा. पेशव्याला 'मुख्य प्रधान' हे नाव मिळाले, पण इतिहास त्यांना पेशवेच म्हणतो. किल्ला, फौज, सरदार हे शब्द गेले नाहीत. महाराजांचे पोवाडे गाणारा 'शाहीर' हाही अरबीच!

पुढे स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होते तेव्हा त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली. दिनांक, क्रमांक, महापौर, मुख्याध्यापक, दूरध्वनी, बोलपट असे शब्द त्यांच्याकडून आले. यातला महापौर असा रुजला की त्याच्या आधी काय म्हणत होते ते आठवावे लागते. दिनांक कागदावर आला, तोंडात मात्र तारीखच राहिली. फाउंटनपेनला सुचविलेली 'झरणी' कोणीच उचलली नाही. कवी माधव जूलियन यांची कथा तर याहून नवलाची. फारशीचे ते मोठे पंडित, १९२५ साली त्यांनी फारशी-मराठी कोश केला, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कैवारी झाले. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ज्याला एखाद्या घराची खोलीन् खोली ठाऊक, त्यानेच ते घर सोडावे, तसे हे झाले.

माझे साधे मत असे की, शब्द कोणत्या गावचा हे मागाहून पाहावे, तो ज्याच्यासाठी आहे त्याला समजतो की नाही हे आधी पाहावे. हे नुसते मत नाही, मला त्याचा अनुभव आहे.

माझे वडील वारल्यावर माहेरच्या जमिनीचा प्रश्न निघाला. आपल्या या भागात काय चालले आहे ते तुम्हाला सांगावयास नको. आमच्या पालेगावातच पाहा, जेथे शेते होती तेथे उंच इमारती झाल्या. जमिनीला भाव आला की घरात कागद येतात. माझ्यापुढेही कागद आला, 'येथे नुसती सही कर, उगाच वाचत बसू नकोस, ते कोर्टातले शब्द आहेत' असे सांगून. मी वाचत बसले. वर लिहिले होते 'हक्कसोडपत्र'. हक्क अरबी, सोड मराठी आणि पत्र संस्कृत. तीन भाषा एकत्र येऊन मला सांगत होत्या की, सोड. खाली 'मयत' होते, म्हणजे माझे वडील. 'वारस' होते, म्हणजे आम्ही भावंडे. 'दस्त' होते, फारशीत दस्त म्हणजे हात. आणि ज्या ठिकाणी मी बोट टेकवावयाचे होते तो शब्द 'सही'. तो 'सहीह' या अरबी शब्दापासून आला, त्याचा अर्थ 'खरे, बरोबर'. म्हणजे खाली नाव लिहिणे म्हणजे वर जे आहे ते खरे व मला मान्य आहे असे म्हणणे. मला ते मान्य नव्हते, म्हणून मी सही केली नाही. एक वर्ष भाऊबीज झाली नाही. दुसऱ्या वर्षी भाऊ आला, बसला, जेवला, आणि वाटणीचे बोलणे माणसांसारखे झाले.

ज्या भगिनींना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहिते. महाराष्ट्रात १९९४ साली, आणि साऱ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदू घरातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क कायद्याने आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हेही स्पष्ट केले की, वडील २००५ पूर्वी वारले होते एवढ्या कारणाने तो हक्क जात नाही. हक्क सोडावयाचा की ठेवावयाचा हे ज्याचे त्याने ठरवावे. कोणी प्रेमाने सोडते, त्यात वाईट काही नाही. पण आधी शब्द वाचावा. मंडळात दर शनिवारी आपण भजन म्हणतो, तसा महिन्यातून एक दिवस सातबारा आणि फेरफार वाचण्याचा ठेवावा, असे मी कार्यकारिणीला सुचविले आहे.

असो. विषय जरा जड झाला. फारशी-अरबीने गोडही पुष्कळ दिले आहे. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतो, तो हलवा अरबी. मला विशेष आवडतात ते जोडशब्द: कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट, लाजशरम, रीतिरिवाज, मानमरातब. प्रत्येकात एक शब्द आपला आणि एक बाहेरचा, आणि दोघांचा अर्थ जवळजवळ एकच. दोन भाषांची माणसे एका बाजारात उभी राहून बोलू लागली म्हणजे असे होते. ज्याला हाट कळत नाही त्याच्यासाठी बाजार, ज्याला बाजार कळत नाही त्याच्यासाठी हाट. पुढे दोघांनाही दोन्ही कळू लागले, पण जोडी सुटली नाही. आपल्या हळदीकुंकवाला लेक आणि सून शेजारी बसाव्यात, तसे हे शब्द मला दिसतात.

आपल्या आसपासही हेच चालू आहे. कल्याणजवळ युद्धाच्या वेळी लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना तेथे जागा दिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे नाव उल्हासनगर झाले. लष्कर केव्हाच गेले, पण 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' हे अजून पत्त्यात आहेत. सिंधी शेजारीण मला 'अदी' म्हणते. अदी म्हणजे बहीण. तिच्या घरी जेवणाला 'मानी' म्हणतात. सिंधी काही परकी नव्हे, १९६७ पासून ती आपल्या राज्यघटनेच्या यादीतील भाषा आहे. पण मला तर तिचे शब्द नवे होते, आणि आता पापड लाटताना माझ्याही तोंडून येतात. अंबरनाथला विमको कंपनीने काडेपेटीचा कारखाना काढला, त्यामागे स्वीडन देशातील लोक होते. 'माचिस' हा शब्द इंग्रजीतला, पण पेटविणारे हात येथील. स्टेशनातून बाहेर आल्यावर आपण जिला हाक मारतो ती रिक्षा जपानी आहे. मूळ शब्द 'जिन्-रिकि-शा'. जिन् म्हणजे माणूस, रिकि म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. आपण त्यातला माणूस टाकला, बळ आणि गाडी ठेवली, आणि पुढे इंजिन बसविले.

आणि आपणही नुसते घेतच बसलो असे नाही. साखरेचे मूळ संस्कृत 'शर्करा', तिच्यापासून अरबांचा 'सुक्कर' आणि त्यापासून युरोपातील सगळ्या साखरा झाल्या. इंग्रजीत त्या सापाशी झुंजणाऱ्या प्राण्याला 'मंगूज' म्हणतात, तो आपलाच मुंगूस. इंग्रजांच्या देशात हा प्राणी नव्हता, म्हणून त्यांनी त्याचे नाव मराठीतून नेले. त्याच देशाचा फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली छापलेले त्याचे क्रिस्तपुराण ओवीत आहे. त्याला मराठी इतकी आवडली की त्याने आरंभीच तिची स्तुती केली आहे. आपल्याकडील किती मुले आज तिची तशी स्तुती करतील, हे विचारण्याचे मला धैर्य होत नाही.

पाककृती-स्पर्धेचे साहित्य मी शेवटी असे लिहून दिले: साबुदाणा दोन वाट्या, बटाटे दोन, शेंगदाण्याचे कूट एक वाटी, हिरव्या मिरच्या चार, तूप, जिरे, मीठ. परीक्षक बाईंनी वाचले आणि खिचडी चाखून पाहिली. दुसरा क्रमांक मिळाला. पहिला ज्यांना मिळाला त्यांनी पुरणपोळी केली होती.