भंडारा पोटनिवडणूक, १९५४
तत्कालीन मध्य प्रदेश राज्यातील भंडारा या द्विसदस्य लोकसभा मतदारसंघात मे १९५४ मध्ये झालेली निवडणूक. भांडवलशाहीचे दोन कडवे टीकाकार येथे उभे होते. राखीव जागेचे उमेदवार बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू ठरविले होते. १९४७ मध्ये मूलभूत उद्योग, विमा व शेती राज्याच्या मालकीची करावी, अशी मागणी केली होती. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी अशोक मेहता विजयी झाले. आंबेडकर मात्र काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. मतदारांनी समाजवादी स्वीकारला, आंबेडकर नाकारले. यामागे अर्थविचारापेक्षा जातिभेदच अधिक असावा. मेहता १९६३ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.